मालवणातलं भांडी-मंडपाचं दुकान: आमच्या वाडीच्या अनुभवातून

आमच्या वाडीच्या उत्सव समितीचा जमाखर्च बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे मंडप, भांडी, खुर्च्या, लाईट आणि माईक ठरवण्याचं कामही ओघानं माझ्याकडेच आलं. मालवणातले आणि कुडाळ-कणकवलीकडचे बरेच मंडपवाले या निमित्तानं पाहून झाले. मुंबईहून गावी लग्न करायला येणारी मंडळी, नव्यानं बदली होऊन आलेले शिक्षक, पहिल्यांदाच सत्यनारायणाची सार्वजनिक पूजा करणारी मुलं, सगळे एकच विचारतात: सामान कोणाकडून घेऊ? दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं. दुकानाचं नाव लिहू नकोस, असं त्यांनीच सांगितलंय, कारण आहे ती बुकिंगं सांभाळतानाच त्यांची दमछाक होते. मालवणात राहणाऱ्याला वर्णनावरून ओळख पटेल.

ज्यांना पुढचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. पंगतीची भांडी आणि किनाऱ्याजवळचा मंडप, या दोन गोष्टींसाठी अण्णांसारखा माणूस मला दुसरा भेटला नाही. साउंड आणि फुलांची सजावट मात्र दुसरीकडून घ्या. कारणं खाली येतीलच.

अण्णांकडे जाऊन दर विचारला तर लगेच उत्तर मिळत नाही. आधी ते विचारतात, कार्य कसलं, पानं किती, पंगत की उभ्यानं जेवण, जेवण शाकाहारी की मासळीचं, आचारी कोण, आणि पाणी कुठल्या विहिरीचं. शेवटचा प्रश्न ऐकून नवखा माणूस गोंधळतो. पण किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. त्या पाण्यात काळे वाटाणे कितीही वेळ रटरटत ठेवले तरी नीट शिजत नाहीत, आणि आमच्याकडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशिवाय समाराधनेची पंगत उठत नाही. म्हणून अण्णा सांगतात, वाटाणे भिजवायला आणि शिजवायला गोडं पाणी आणा, बाकी धुण्या-विसळण्याला विहिरीचं चालेल. भाड्यानं भांडी देणाऱ्यानं एवढं सांगायची गरज नसते. बाकी कोणी सांगतही नाही.

मग ते टोप काढून देतात. त्यांच्याकडे टोपाचं माप तांदळावर आहे, पाच किलोचा, दहा किलोचा, वीस किलोचा. पानांचा आकडा सांगितला की किती किलोचे किती टोप लागतील हे ते तोंडी सांगतात, आणि गरजेपेक्षा मोठा टोप मागितला तर देत नाहीत. मोठ्या टोपात थोडा भात केला की खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, हे त्यांचं म्हणणं आमच्या आचाऱ्यालाही मान्य आहे. मासळीच्या टोपांना बाहेरून तळाशी लाल ठिपका, नैवेद्याच्या आणि शाकाहारी भांड्यांना पिवळा. हे दोन ढीग दुकानात वेगवेगळ्या भिंतींना असतात आणि धुवायच्या काथ्यासुद्धा वेगळ्या. देवाच्या कार्याला पिवळ्या ठिपक्यातलं एखादं पातेलं कमी पडलं म्हणून लालातलं दिलं, असं त्यांच्याकडे कधी झालेलं मला ठाऊक नाही. कमी पडलं तर सरळ सांगतात, शेजारच्या दुकानातून आणून देतो, पण हे नेऊ नका.

सोलकढीच्या बाबतीत तर ते फार कडक आहेत. कोकमाचा आगळ आंबट, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात सोलकढी ठेवली की तिला धातूची चव येते, रंग बिघडतो, आणि पोटाला वाईट ते वेगळंच. एका लग्नाला स्टीलची पिंपं दुसरीकडे गेलेली होती आणि मुलीकडचे लोक ॲल्युमिनियमचा मोठा डबा मागत होते. मी तिथेच उभी होते. अण्णा म्हणाले, "सोलकढी ॲल्युमिनमात? माझ्या दुकानातून जावची नाय." शेवटी त्यांनी स्वतःच्या घरातल्या स्टीलच्या बादल्या काढून दिल्या आणि त्यांचं भाडं लावलं नाही.

पितळी भांड्यांना ते दरवर्षी हंगामापूर्वी कल्हई करून घेतात. हल्ली कल्हईवाले मिळणं अवघड झालंय, पण अण्णांकडे एक जण ठरलेला आहे. तो आला की दुकानाच्या मागच्या पडवीत भाता लागतो, नवसागराचा पांढरा धूर निघतो, आणि तापलेल्या काळपट पातेल्यात कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की आतून क्षणात चांदीसारखी झळाळी येते. ज्यांनी लहानपणी हे पाहिलंय त्यांनी मुलांना घेऊन जाऊन दाखवावं. अण्णा कोणाला हाकलत नाहीत.

स्टीलची ताटं-पेले त्यांनी २०१८ नंतर मोठ्या प्रमाणात घेतले. त्या वर्षी महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. तोपर्यंत आमच्याकडे जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पांढऱ्या पत्रावळींचा खच पडलेला असायचा आणि ओहोटीबरोबर तो समुद्रात जायचा. आमच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात मासळीबरोबर थर्माकोलचे तुकडे यायचे. बंदी आली तेव्हा गावातल्या काहींनी कागदी ताटं विकायला सुरुवात केली. अण्णांनी कर्ज काढून स्टीलची ताटं घेतली. ताटामागे भाडं पाच रुपये, आणि धुऊन परत केली तर त्यातला एक रुपया कमी. आमच्या वाडीच्या बायका पंगतीनंतर एकत्र बसून ताटं धुतात ती या सवलतीसाठी, आणि खरं सांगायचं तर गप्पांसाठीही. या सवलतीतून वाचलेले पैसे आम्ही वाडीच्या बालवाडीला देतो. ताटं परत गेली की अण्णांची माणसं ती पुन्हा गोड्या पाण्यातून काढून, पुसून, उन्हात वाळवूनच ठेवतात. खाऱ्या हवेत स्टीललाही बारीक टाचणीएवढे डाग पडतात आणि एकदा ते पडले की वाढत जातात. त्यांच्या ताटांवर असे डाग मला अजून सापडलेले नाहीत, आणि मी बघते.

मोजणीबद्दल लिहिल्याशिवाय हे दुकान समजणार नाही. सामान नेताना आणि परत देताना काकी, म्हणजे अण्णांच्या घरच्या, वही घेऊन उंबरठ्यावर बसतात. एक मुलगा एकेक वस्तू उचलून मोठ्यानं म्हणतो, "पळी तीन, झारे दोन, उलथणां एक," आणि घेणाऱ्यानं प्रत्येक वेळी "हो" म्हणायचं. घाई असली तरी हे टळत नाही. सुरुवातीला कंटाळा येतो. पण यामुळे हरवलेल्या वस्तूवरून आजवर आमचा त्यांच्याशी एकही वाद झालेला नाही. दुसऱ्या एका दुकानातून आम्ही सामान घेतलं होतं तेव्हा परत करताना सहा पेले कमी असल्याचं सांगून भरपाई मागितली गेली. नेताना कोणीच मोजलेले नव्हते, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. काकी एवढंच म्हणतात, "मोजून न्हेवा, मोजून देवा."

आता मंडप. आमच्याकडे त्याला माटव म्हणतात आणि किनाऱ्यावर तो उभा करणं हे वेगळंच कसब आहे.

आमची वाडी दांडीच्या बाजूला, समुद्राला लागून. इथे अंगणं म्हणजे वाळू. वाळूत खांब पुरला की दोन तासांत तो डुलायला लागतो. अण्णांची मुलं खांबाच्या भरवशावर राहतच नाहीत. ती पोत्यांत वाळू भरतात, कमरेएवढा खड्डा खणून ती पोती आडवी पुरतात, आणि खांबाचे ताण त्या पुरलेल्या पोत्यांना बांधतात. वरची वाळू तुडवून घट्ट केली की ताण कितीही ओढा, हलत नाही. गाठी सगळ्या होडीवरच्या, कारण मुलंही होडीवरचीच. ताण घट्ट राहतो, पण टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटते. याचं महत्त्व मला एका नारळी पौर्णिमेला कळलं.

नारळी पौर्णिमा हा मालवणचा मोठा दिवस. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ दर्याला अर्पण होतो, बंदरावर व्यापारी, नागरिक, मच्छीमार सगळे वाजतगाजत नारळ घेऊन येतात आणि बायकांची नारळ लढवण्याची स्पर्धा रंगते. यांत्रिक मासेमारीवरची १ जून ते ३१ जुलै ही बंदी तेव्हा नुकतीच उठलेली असते, होड्या रंगवून सजलेल्या असतात. आमच्या वाडीचीही वेगळी पूजा आणि छोटी स्पर्धा असते. पण श्रावण म्हणजे पाऊस-उन्हाचा खेळ, आणि नैऋत्येचा वारा अजून जोरात. त्या वर्षी पूजा झाली, बायका नारळ घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या आणि समुद्रावरून काळं आभाळ चालून आलं. ताडपत्री शिडासारखी फुगायला लागली. आमची मुलं खांब धरायला धावली. अण्णा लांबूनच ओरडले, "खांब धरू नकात! ताडपत्री सोडा!" त्यांच्या मुलांनी पश्चिमेकडच्या गाठी ओढल्या, ताडपत्री सळसळत खाली आली, तिघा-चौघांनी ती पूजेच्या चौरंगावर आणि माईकच्या खोक्यावर पांघरली. सगळे भिजलो. सर येऊन गेली. खांब होते तिथेच होते. पुन्हा ताडपत्री चढवायला फार वेळ लागला नाही आणि स्पर्धा पूर्ण झाली. त्याच दिवशी पलीकडच्या एका कार्यक्रमाचा पत्र्याचा मंडप वाकला, कारण पत्रा सोडता येत नाही.

अण्णा नंतर म्हणाले, "बाय, वारो इलो की आधी ताडपत्री सोडूची. मग माटव रवता."

दिशेचं त्यांचं भान तर थक्क करणारं आहे. श्रावणातल्या कार्याला कनात, म्हणजे मंडपाच्या बाजूचा कापडी पडदा, पश्चिमेला, तीही वर हातभर फट ठेवून, म्हणजे वारा कोंडून मंडप उचलला जात नाही. फाल्गुन-चैत्रात दुपारी खारे वारे जोर धरतात आणि संध्याकाळी उतरतात, म्हणून तेव्हा स्वयंपाकाची चूल मंडपाच्या पूर्वेला लावायची, धूर पंगतीवर येत नाही. आणि मार्गशीर्ष-पौषात रात्रीचा दशावतार असेल तर त्याच मैदानात, त्याच खांबांना, कनात पूर्वेला लागते. कारण रात्री जमीन गार होते आणि मतलई वारे डोंगराकडून समुद्राकडे वाहतात. पहाटे चार-पाच वाजता त्या वाऱ्यानं म्हातारी माणसं कुडकुडतात. मी हे शाळेत भूगोलात शिकले होते. मंडप बांधताना कोणी ते वापरताना अण्णांकडेच पाहिलं.

दशावताराचं निघालंच आहे तर एक बाकड्याची गोष्ट. दशावतारी नाटकात रंगमंचावर सामान जवळजवळ नसतंच. एक लाकडी बाकडं असतं, तेच राजाचं सिंहासन, तेच डोंगर, तेच राक्षसाची गुहा. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात आणि गावोगावच्या दहीकाल्याला ही नाटकं रात्रभर चालतात, पहाटे दहीहंडी फुटते तेव्हाच संपतात. हल्ली काही ठिकाणी आयोजक हाताशी असलेली प्लास्टिकची खुर्ची नाहीतर लोखंडी घडीचं टेबल पुढे करतात. संकासुर या राक्षसपात्राच्या उडीला ते टिकत नाही आणि नटाला लागू शकतं. अण्णांनी फणसाच्या लाकडाची दोन बाकडी खास यासाठी करून घेतली आहेत. पाय जाड, आडव्या पट्ट्या दुहेरी, कडा घासून गोल केलेल्या, म्हणजे नेसलेली भरजरी साडी अडकत नाही. दशावतारात स्त्रीपात्रं पुरुषच करतात आणि ती साडी त्या माणसाची स्वतःची, जपलेली असते. बाकड्याचं भाडं अण्णा घेत नाहीत. नाटक मंडळींना पेटारे उतरवायला, रंगायला आडोसा लागतो, तोही ते न सांगता बांधून ठेवतात, आत एक बल्ब, एक आरसा टांगायला खिळा आणि बसायला जाजम. एका ज्येष्ठ दशावतारी कलाकारानं आमच्या समितीसमोर अण्णांना हात जोडले होते, ते मी पाहिलंय.

चतुर्थीत त्यांच्याकडे छोटी बुकिंगं असतात. घरोघर भजनं, त्यामुळे कोणाला एक जाजम, कोणाला चहाची किटली आणि पन्नास पेले. मोठ्या ऑर्डरच्या गर्दीतही ही छोटी माणसं ताटकळत नाहीत.

दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते तेव्हा दुकान बंद असतं. त्या दिवशी बुकिंग मागू नका, मिळणार नाही. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा असतात आणि मसुरे गावातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरली की आसपासचं सगळं सामान मसुऱ्याकडे ओढलं जातं. त्या जत्रेची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीच्या कौलानं ठरते. त्यामुळे माघ-फाल्गुनात घरचं लग्न असेल तर जत्रेची तारीख जाहीर होईपर्यंत थांबू नका, आधीच सांगून ठेवा.

आता उणिवा.

पहिली माणसांची. मंडप बांधणारी मुलं होडीवर जाणारी आहेत हे वर लिहिलंच. समुद्र खवळलेला असला की ती हजर. पण बांगड्याची रीघ लागली की ती गायब. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप सकाळी उभा राहायचा तो दुपारी चारला उभा राहिला. मुलं नाचाचे कपडे घालून उन्हात बसून होती. मी चिडून फोन केला तर अण्णा शांतपणे म्हणाले, "बांगडो गावता हा बाय, पोरां खय मिळतली?" त्यांची अडचण मला समजते. रापणीचा एक चांगला ओढ त्या मुलांच्या घरी किती दिवसांचा खर्च भागवतो, हे मी जवळून पाहते. पण गिऱ्हाईकाला वेळेवर मंडप हवा असतो आणि मासळी लागल्याची खबर पहाटेच येते, तर निदान पहाटे फोन करून सांगावं, एवढी माझी अपेक्षा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सकाळचं कार्य असेल तर मंडप आदल्या संध्याकाळीच उभा करून मागा. ते करतात, मागावं मात्र लागतं.

दुसरी उणीव पावतीची. काकींची वही चोख, पण छापील पावती मागितली की टाळाटाळ. सार्वजनिक मंडळाला वर्गणीचा हिशेब सभेत मांडावा लागतो. मंडप-भांडी हा आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा, आणि त्यालाच कागद नाही म्हटल्यावर प्रश्न येतात. मी आता त्यांच्या वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढते, त्यावर काकींची सही घेते. काम भागतं. तरीही अण्णांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं एक पावतीपुस्तक छापून आणावं, असं मी तिला प्रत्येक भेटीत सांगते.

साउंड ते स्वतः ठेवत नाहीत, दुसऱ्याकडून आणून देतात, आणि तिथे दर्जा राहत नाही. डबलबारीच्या भजनाला दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, झांजा आणि कोरस, म्हणजे माईक दुप्पट लागतात आणि मिक्सरवर जाणता माणूस लागतो. आम्हाला मिळालेला मुलगा आवाज फक्त वाढवत होता. पखवाज घुमला आणि बुवांचे शब्द कोणाला कळले नाहीत. भजनाच्या बारीत शब्दच सगळं असतात, सवाल-जबाब त्यातच असतो. त्यामुळे डबलबारी असेल तर साउंड स्वतः पारखून दुसरीकडून घ्या. एक गोष्ट मात्र अण्णांच्या बाजूनं सांगते. पोलिसांच्या परवानगीची प्रत दाखवल्याशिवाय ते भोंगा आणून देत नाहीत, आणि रात्री १० वाजता तो स्वतः येऊन बंद करतात. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस कुठले, हेही विचारून घेतात. गावात आजारी माणसं आहेत, दहावी-बारावीची मुलं आहेत. मला हा आग्रह पटतो.

लाईटच्या वायरिंगबद्दल मी बरीच भांडले आहे. पूर्वी त्यांच्या वायरींचे जोड नुसते चिकटपट्टीनं गुंडाळलेले असायचे आणि पावसात ते ओल्या वाळूवर पडलेले दिसायचे. लहान मुलं अनवाणी फिरतात अशा जागी हे चालणारच नाही. आता त्यांनी लाकडी फळीवर बसवलेला ईएलसीबी घेतलाय, करंट गळायला लागला की तो लगेच सप्लाय तोडतो. सामान घेताना तो लावलाय का ते स्वतः पाहा, बटण दाबून चाचणी करायला सांगा. चाचणी घेताना अण्णा रागावत नाहीत. जोड अजूनही जमिनीवर दिसले तर उचलून खांबाला बांधायला लावा.

जनरेटर जुना आहे, धूर करतो. पंगतीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायला सांगायचं. कापडी छत आणि रंगीत झालरी जुन्या पद्धतीच्या आहेत. मुंबईकडच्या लग्नांसारखी सजावट, फोटोसाठी फुलांची भिंत, असलं काही हवं असेल तर कुडाळ किंवा सावंतवाडीकडे चौकशी करा, अण्णांकडे ते नाही. पावसाळ्यात जाजमांना कुबट वास येतो, तेवढ्यासाठी आम्ही घरच्या सतरंज्या वर अंथरतो.

दर मध्यम आहेत. गेल्या कार्याला खुर्ची आठ रुपये पडली. तालुक्यात याहून स्वस्त देणारे आहेत, पण त्यांच्या खुर्च्यांचे पाय फाकलेले असतात आणि जड माणूस बसला की धडकी भरते. टेम्पोचं भाडं अंतरावर वेगळं पडतं, ते आधी विचारून घ्या. काहींनी माझ्याकडे तक्रार केली की शेवटी बिल वाढलं, ते बहुतेक टेम्पोमुळे.

या सगळ्या हिशेबाबाहेरची एक गोष्ट आहे, आणि मी दुकान बदलत नाही त्याचं मोठं कारण तेच. कोणाच्या घरी माणूस गेलं की अण्णांना बुकिंग लागत नाही. रात्री दोनला फोन केला तरी अर्ध्या-पाऊण तासात टेम्पो दारात येतो. ताडपत्री, खुर्च्या, चहाचं भांडं, एक मोठा दिवा. मुलं आवाज न करता सामान उतरवतात. मोजणीही त्या वेळी होत नाही, एरवी काकी सोडत नाहीत ती. माझे सासरे गेले तेव्हा पावसाची झड लागलेली होती आणि मुंबईहून नणंद येईपर्यंत अंगणात माणसांना थांबायला आडोसा नव्हता. शेजारच्यांनी अण्णांना कळवलं होतं, आम्हाला घरात कोणालाच सुचलेलं नव्हतं. तीन दिवस ते सामान आमच्याकडे राहिलं. चौथ्या दिवशी माझे यजमान पैसे द्यायला गेले तर अण्णांनी हात मागे घेतला. "पैशे खय पळान जातत? आधी दिवसकार्य होवंदेत." बाराव्याला भांडी त्यांच्याकडूनच आली आणि बिल तेराव्यानंतर मी मागितलं तेव्हा मिळालं. पहिल्या तीन दिवसांचे त्यात लावलेले नव्हते.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यानं गेलं तेव्हाही असंच. मालवणात कित्येकांच्या घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, माड मोडून तारांवर पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. करोनामुळे कार्यं बंद, दुकानाला मिळकत शून्य, अशा काळात अण्णांनी गोदामातल्या ताडपत्र्या काढून ज्यांची छपरं गेली त्यांना बांधून दिल्या. त्यांतल्या काही फाटून परत आल्या, काही आल्याच नाहीत. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी अवाक्षर ऐकलेलं नाही. हे मला काकींकडून, वहीची जुनी पानं चाळताना कळलं.

पाचपैकी मी चार देते. पावतीपुस्तक आलं आणि मुलं उशिरा येणार असतील तेव्हा पहाटे फोन यायला लागला, तर पाच देईन.

बुकिंगला सकाळी दहा ते बारा या वेळेत स्वतः जा, फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही. जाताना पानांचा आकडा, आचाऱ्याचं नाव आणि जागा कुठली हे पक्कं करून जा. किनाऱ्यावरची जागा असेल तर अण्णा आदल्या दिवशी स्वतः येऊन पाहतात. त्या वेळी घरातलं जबाबदार माणूस तिथे हजर ठेवा, कारण चूल, कनात आणि जनरेटर कुठे लागणार ते तेव्हाच ठरतं. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या तारखा नवरात्रातच भरायला लागतात, तेव्हा घरात कार्य असेल त्यांनी घटस्थापनेआधीच जाऊन वहीत नाव लिहून घ्यावं.